सुखखाऊ आले की कळव

॥ श्री ॥

सांगली ४१६ ४१६
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

चि. सोनू हिस,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

फराळाचा डबा उद्या पोस्टात टाकतोय. चकल्या, शंकरपाळी, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि भडंग. बेसनाचे लाडू नाहीत, कारण तुमच्याकडे स्कॉटलंडला दुधातुपाचं काही पाठवलेलं चालत नाही. तुझ्या आईला ते अजून पटलेलं नाही. शंकरपाळी तेलातली आहे. हे पत्र भडंगाच्या पिशवीखाली ठेवतोय, तेव्हा डबा उलटा करून रिकामा करू नकोस.

मागच्या रविवारी मी फोनवर जे बोललो ते बोलायला नको होतं. आवाज चढायला नको होता. तू फोन ठेवलास, तेव्हापासून आठ दिवस घरात कुणी धड जेवलेलं नाही. हे तुला अपराधी वाटावं म्हणून लिहीत नाही. तुझी तब्येत कशी आहे, रात्री झोप लागते का, गोळ्या चालू आहेत का, एवढंच विचारून मी बाकीचं सगळं दुसऱ्या विषयांवर लिहिणार आहे. तसं ठरवूनच बसलोय.

गुरुवारी जागतिक टपाल दिन होता. ९ ऑक्टोबर १८७४ ला स्वित्झर्लंडमध्ये बर्नला देशोदेशींच्या टपालाचा करार झाला, तो दिवस. ऑफिसने आम्हा निवृत्त लोकांना बोलावलं होतं. गुलाबाचं फूल दिलं, चहा झाला. १ सप्टेंबरपासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं, त्यावर सगळे हळहळत होते. पोचपावतीचं ते कार्ड सही होऊन परत आलं की कसं हातात काहीतरी लागायचं, असं एक जण म्हणाले. मी मान हलवत होतो, पण डोक्यात एकच. माझ्या मुलीचा गळा कापला आणि मला पोचपावती अडीच महिन्यांनी मिळाली.

बघ, ठरवलं होतं आणि तरी आलोच तिथे.

जुलैत तुझा आवाज बसला होता. सर्दी झालीय म्हणालीस. मी खडीसाखर आणि ज्येष्ठमध सांगितलं. ऑगस्टभर गळ्याला ओढणी. आई म्हणाली, तिकडे गार असतं. मीही तेच म्हणालो. मग त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर तुझी खिडकी उघडी होती, वारा आला, ओढणी सरकली, आणि गळ्याच्या खालच्या बाजूला ती आडवी लाल रेघ दिसली. तुझी आई काही बोलली नाही. फोन माझ्या हातात देऊन देवघरात जाऊन बसली. अर्धी थायरॉइड काढली, गाठ साधी निघाली, काळजीचं काही नाही, हे तू तीन वाक्यांत सांगितलंस. आणि दादाला माहीत होतं, हे चौथ्या वाक्यात. दादाला मी जे बोललो ते त्याने तुला सांगितलं असेलच.

दवाखान्यात तुझ्या त्या केरळच्या मैत्रिणीने सोबत केली. तिला माझे आशीर्वाद सांग. डब्यात तिच्यासाठी वेगळी पुडी आहे.

"सांगून तुम्ही काय केलं असतं बाबा?" असं तू विचारलंस. मला तेव्हा उत्तर आलं नाही म्हणून मी ओरडलो. उत्तर शोधायला मी आपला ट्रंकेतला खजिना काढला. हॅरी पॉटरची सगळी पुस्तकं. चौथ्याची पानं अजून फुगलेलीच आहेत, महापुराचा गाळ अजून शिवणीत आहे.

तुला आठवतं का बघ. २००२ ची दिवाळी. माझा टपाल वाटायचा बीट तेव्हा विश्रामबागेत होता. कॉलेजातून निवृत्त झालेल्या त्या बाईंकडे अमेरिकेहून नातवाची पार्सलं यायची. एकदा त्यांनी विचारलं, तुमची मुलगी केवढी? म्हटलं, अकरा वर्षांची. त्या आत गेल्या आणि हॅरी पॉटरचं पहिलं पुस्तक घेऊन आल्या. "हा मुलगाही अकराच वर्षांचा आहे," म्हणाल्या. मला वाटलं नातवाबद्दल बोलतायत.

तुझी मराठी शाळा. इंग्रजी पाचवीपासून, म्हणजे जेमतेम दीड वर्षाचं. दर रविवारी दुपारी मी तुला सायकलवर डबलसीट बाईंकडे सोडायचो. दिवाळीला धरलेलं पुस्तक मे महिन्यात संपलं. एकेका पानाला वीस वीस शब्द शब्दकोशातून काढून वहीत. ती वहीसुद्धा ट्रंकेत आहे. आणि रात्री जेवणं झाली की तू आम्हाला तेवढं तेवढं मराठीत सांगायचीस. आजी कपाशीच्या वाती वळत बसलेली, आई उद्याची भाजी निवडतेय, दादा अभ्यासाचं पुस्तक उघडं ठेवून कान इकडे, आणि मी. मला सगळ्यात आधी काय आवडलं ते सांगू? पत्ता. जिन्याखालची खोली, घर नंबर चार, प्रिव्हेट ड्राइव्ह. कुणीतरी पाकिटावर जिन्याखालची खोलीसुद्धा लिहितं! मग ते घर सोडून पळतात तर पत्रावर हॉटेलातल्या खोलीचा नंबर. समुद्रातल्या खडकावरच्या झोपडीत जातात, तर झोपडीतली जमीन, असा पत्ता. त्या मुलाचा मावसा पत्र फाडतो, जाळतो, दाराची फट खिळे मारून बंद करतो, आणि पत्रं येतच राहतात. रविवारी टपाल नसतं म्हणून तो खूश होतो आणि रविवारीच धुराड्यातून पत्रांचा पाऊस पडतो. आयुष्यभर मी "पत्ता अपुरा", "घर बंद", "घेण्यास नकार" असे शेरे मारून टपाल परत पाठवत आलो. ज्याच्या नावाचं आहे त्याच्या हातात पडेपर्यंत न थांबणारं पत्र मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

तू विचारलंस, बाबा, आपला पत्ता काय लिहितील ते? मी तुला तेव्हा पिनकोड शिकवला. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला, तो श्रीराम भिकाजी वेलणकरांनी केला, आपला मराठी माणूस, संस्कृतचे पंडित. पहिला आकडा ४ म्हणजे आपला भाग. तुला ४१६ ४१६ फार आवडला, दोनदा तेच, मंत्रासारखा. आणि अकरा वर्षं संपायच्या आदल्या रात्री तू दाराची कडी लावू दिली नाहीस. मला कळलं होतं कशासाठी, पुस्तकातल्या मुलाला जादूच्या शाळेचं हिरव्या शाईतलं बोलावणं अकराव्या वर्षी येतं ना. मी हिरव्या शाईचं पेन आणलंही होतं. पाकीट समोर घेऊन बसलो आणि लिहू शकलो नाही. मी पोस्टमन, खोटं पत्र कसं टाकू? तुझी आई म्हणाली, टाका की हो, लहान आहे. सकाळी तू दार उघडून पायरी बघितलीस आणि काही न बोलता दात घासायला गेलीस. सोनू, मला वाटतं मी तेव्हा ते पत्र टाकायला हवं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तू केलेले शब्द वहीत आहेत. सॉर्टिंग म्हणजे काय, असं तू मला विचारलंस. म्हटलं, आम्ही पहाटे टपालाचं करतो तेच, वर्गवारी. म्हणून शाळेत मुलांचे गट पाडणारी ती टोपी तुझी 'वर्गवारीची टोपी'. समोरच्याला ज्याची सगळ्यांत जास्त भीती त्याचं रूप घेणाऱ्या बॉगार्टला तू बागुलबुवा केलंस, तो तर आजीलाही लगेच कळला. आणि डिमेंटर. शब्दकोशात सापडेना. बाईंनी समजावून सांगितलं, ते आले की गारठा पडतो आणि माणसाच्या मनातलं सगळं सुख शोषून घेतात. तू म्हणालीस, मग ते सुखखाऊ. पुढे मंजुल प्रकाशनाची मराठी पुस्तकं आली, पहिल्याचं नाव 'परीस', तेव्हा तू चिडली होतीस की त्यात तुझे शब्द नाहीत. ती मी निवृत्तीनंतर नीट वाचली. चांगली आहेत. पण आमच्या घरात सुखखाऊच राहिले.

आता मुद्द्यावर येतो. तेरा वर्षांची असताना शाळेत मुलींनी तुला वाळीत टाकलं होतं. तू कुणाला सांगत नव्हतीस. ताटावर बसायचीस आणि उठून जायचीस. एक दिवस आजीने विचारलं, "काय गं, सुखखाऊ आलेत का?" आणि तू रडायला लागलीस. तेव्हापासून तो आपल्या घरचा शब्द झाला. तू शब्द उच्चारायचा, बाकी काही सांगायचं नाही, आणि कुणी काही विचारायचं नाही. आजी देवघरातल्या डब्यातून चिक्की काढून द्यायची, कारण पुस्तकात ते प्राध्यापक रेल्वेच्या डब्यात चॉकलेट देतात. २०१४ ला पुण्यातली नोकरी गेली तेव्हा तू रात्री बाराला फोन करून फक्त "बाबा, सुखखाऊ" म्हणालीस. मी पहाटेच्या एसटीने आलो. तुझ्या खोलीवर तीन दिवस राहिलो, तू भिंतीकडे तोंड करून पडलेली, मी पेपर वाचत बसलेलो. मी काय केलं होतं तेव्हा? काहीच केलं नाही. पोहे केले. लेखिकेने स्वतःच सांगितलंय की ते प्राणी तिला तिच्या नैराश्याच्या काळावरून सुचले. हे तूच मला त्या तीन दिवसांत सांगितलंस.

तर सांगून मी काय केलं असतं, याचं उत्तर हे आहे. काहीच नाही. व्हिसा मिळेपर्यंत तुझं ऑपरेशन होऊन गेलं असतं. मी इथे स्वयंपाकघरात घड्याळाकडे बघत बसलो असतो. पण तुला भूल दिली त्या तासाला मी जागा असतो. त्या दिवशी त्या वेळी मी काय करत होतो ते आठवायचा प्रयत्न केला. बहुतेक क्रिकेट बघत होतो. हे मला सहन होत नाही.

पाचव्या पुस्तकातली ती बाई, गुलाबी कपड्यांची, शिक्षा म्हणून मुलाला स्वतःच्याच रक्ताने लिहायला लावते आणि शब्द त्याच्या हाताच्या पाठीवर कोरले जातात. तो कुणाला सांगत नाही. त्याच्या मित्राला, रॉनला दिसतं तेव्हा कळतं. दोघं मित्र सांगतात की मोठ्यांना सांग, तरी नाही. हे तू आम्हाला वाचून दाखवत होतीस तेव्हा तूच पुस्तक मिटून म्हणालीस, "किती मूर्ख आहे हा! सांगायचं ना!" वाती वळता वळता आजी म्हणाली, "अगं, सांगायला कुणीतरी घरचं लागतं. त्याला आई आहे का?" तुला तर आहे, सोनू. सत्तावीस पायऱ्या चढून रोज गणपतीला जाणारी आई आहे. ओढणी कशासाठी?

मी पुन्हा उपदेशावर आलो. माफ कर. तू चौतीस वर्षांची आहेस, परक्या देशात एकटीने घर चालवतेस, तुला मी शहाणपण शिकवण्यासारखं काही उरलेलं नाही. पण गळ्याच्या गोळ्या सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या असतात, चहा लगेच घ्यायचा नसतो, हे आपल्या डॉक्टरांनी मला सांगितलं, तेवढं मात्र पाळ. दर काही महिन्यांनी रक्त तपास. आणि रिपोर्ट मला पाठव. म्हणजे, पाठवलास तर बरं वाटेल.

पुराची गोष्ट दादाच्या मुलाला परवा सांगत होतो. २००५ चं ते वर्ष. सहावं पुस्तक १६ जुलैला आलेलं आणि आपल्याला अजून मिळालेलं नाही, आणि महिनाअखेरीला कृष्णेचं पाणी मारुती चौकात. आपण आजीला खुर्चीत बसवून वरच्या मजल्यावर नेलं, आणि तू पुन्हा खाली गेलीस. कमरेएवढ्या पाण्यात. मी वरून ओरडतोय, तू वर आलीस ती बाईंचं चौथं पुस्तक डोक्यावर धरून. ट्रंक तरंगत होती म्हणालीस. मी तुला त्या दिवशी मारलं. एकदाच मारलं आयुष्यात. ६३६ पानांचं पुस्तक, पाणी ओसरल्यावर तू आणि आजीने पानापानात वर्तमानपत्राचे कागद घालून, इस्त्री फिरवून पंधरा दिवस वाळवलं. बाईंना परत द्यायला गेलो तर त्यांनी ते हातात घेतलं, उघडलं, वास घेतला आणि म्हणाल्या, "राहू दे तिच्याकडेच." २०१९ ला त्याहून मोठा पूर आला, आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा मी सगळ्यांत आधी ट्रंक वर चढवली. तुला व्हॉट्सअपवर फोटो पाठवला होता, ट्रंकेचा, आमचा नव्हे.

पण बघ, तुला लिहिता लिहिता एक लक्षात येतंय. तू पाण्यात उतरलीस ते आम्हाला न सांगता. तेव्हाही.

चौथ्या पुस्तकातलं ते पाकीट मला फार आवडतं. रॉनची आई, वीझली आई, हॅरीला बोलवायला बिनजादूवाल्यांच्या टपालाने पत्र पाठवते, आणि तिकिटं किती लावायची ठाऊक नाही म्हणून अख्खं पाकीट तिकिटांनी भरून टाकते, इंचभर जागा सोडून, त्यात बारीक अक्षरात पत्ता. तिथला पोस्टमन ते बघून दारावरची घंटा वाजवतो. मीही वाजवली असती. तिकीट कमी पडलं तर पत्र बेरंग होईल, घेणाऱ्याला पैसे भरावे लागतील, मुलगा राहून जाईल, म्हणून जास्तीच लावा, हे आईचंच काम. याच बाईच्या घरी ते घड्याळ आहे, नऊ काट्यांचं, घरातल्या प्रत्येकाचा एक काटा, आकड्यांच्या जागी घर, शाळा, काम, प्रवास, दवाखाना, जिवाला धोका. सहाव्या पुस्तकात नऊही काटे जिवाच्या धोक्यावर जाऊन थांबतात आणि ती ते घड्याळ कपड्यांच्या टोपलीत घालून घरभर बरोबर घेऊन फिरते. तू हे सांगितलंस तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची होतीस, तुला ती गंमत वाटली होती. तुझ्या आईने भाजी निवडायचं थांबवून विचारलं होतं, "असं घड्याळ खरंच मिळतं का?"

आणि बागुलबुवा. पाचव्यातच. त्या पडक्या घरातल्या मेजात बागुलबुवा असतो, वीझली आई त्याला घालवायला जाते आणि तो तिच्यासमोर एकेक करून तिच्या मुलांची प्रेतं होतो. मधेच नवऱ्याचं. शेवटी हॅरीचं. मोठी धीराची बाई, हातातली कांडी थरथरते. त्या रात्री तुझं वाचन संपल्यावर आपण सगळे गप्प होतो. तुला वाटलं आम्हाला कंटाळा आला.

माझ्या बागुलबुवाच्या गळ्यावर आता आडवी रेघ आहे.

सातवं पुस्तक. २१ जुलै २००७. मी किरकोळ रजा टाकली, आदल्या रात्रीच्या एसटीने आपण पुण्याला गेलो, डेक्कनवर पहाटेपासून रांग. इंग्रजी बोलणारी मुलं, कपाळावर विजेची खूण काढलेली, आणि तू तेल लावून घट्ट वेणी घातलेली, माझा स्वेटर घातलेली. मला भीती होती तू बुजशील. अर्ध्या तासात तू त्यांना सांगत होतीस की पहिलं पुस्तक १२ प्रकाशकांनी साभार परत केलं होतं आणि पहिली आवृत्ती अवघी ५०० प्रतींची होती. मी मागे उभा होतो. मनात म्हटलं, ते बाड बारा वेळा परत नेऊन देणारा कुणीतरी पोस्टमनच असणार. आणि म्हटलं, ही मुलगी सांगलीत राहणार नाही. अभिमानच वाटत होता, पण पोटात खड्डा पडला तो तिथेच पडला. परतीच्या गाडीत खंबाटकीचा घाट चढत असताना तू हुंदका दिलास. हेडविग गेली. अकरा वर्षांचा असल्यापासून ज्या घुबडाने त्याची पत्रं नेली-आणली, ते पिंजऱ्यात मेलं. कंडक्टर विचारायला आला, काय झालं? मी म्हटलं, आमच्या खात्यातलं कुणीतरी गेलं.

आता जे लिहायचं टाळत होतो ते लिहितो.

तासगावकडच्या छोट्या ऑफिसात असताना मी तारा वाटल्या आहेत. तार आली म्हटलं की बायका मजकूर ऐकायच्या आधी रडायला लागायच्या. एकदा पावसात नऊ किलोमीटर सायकल मारली आहे, कारण तारेत लिहिलं होतं की वडील अत्यवस्थ, आणि मुलगा रात्रीची गाडी पकडू शकला असता. पकडली त्याने. वाईट बातमी ज्याची आहे त्याला वेळेवर मिळाली पाहिजे, एवढं एकच तत्त्व मी नोकरीत मानलं.

आणि मे २०१३ ला आजी गेली तेव्हा तुझ्या शेवटच्या वर्षाचे तीन पेपर राहिले होते. सगळे म्हणाले, पोरीला कळवू नका, वर्ष जाईल. मीही म्हणालो. तू रोज रात्री फोन करायचीस, आजीला दे म्हणायचीस, मी म्हणायचो झोपलीय. पाच दिवस. पाचव्या दिवशी पेपर संपवून, बॅग घेऊन तू उड्या मारत जिना चढून आलीस आणि भिंतीवर हार घातलेला फोटो. तू रडली नाहीस. एकच वाक्य म्हणालीस, "मी चिक्की आणली होती." त्याच वर्षी जुलैत तारसेवा बंद झाली. ऑफिसात लोक हळहळत होते आणि मला आत कुठेतरी वाटत होतं की मला आता तारेबद्दल बोलायचा हक्क नाही.

पाचव्या पुस्तकाच्या शेवटी ते म्हातारे मुख्याध्यापक त्या मुलासमोर बसून कबूल करतात की चूक माझी झाली, तुझ्यावर जीव होता म्हणून तुझ्यापासून लपवत राहिलो, आधीच सांगायला हवं होतं. मुलगा खोलीतल्या वस्तू फेकतो, ते फेकू देतात. मी तुला कधी असं म्हटलं नाही. आज म्हणतो. चूक माझी झाली. माझ्या आईची बातमी तुझी होती आणि मी ती अडवून ठेवली. माणसाला जपायचं म्हणजे त्याच्यापासून दुखणं लपवायचं, हे तू कुठे शिकलीस ते शोधायला मला ट्रंक उघडायची गरज नव्हती.

तरीही, सोनू, मला सांगायला हवं होतंस. दोन्ही खरं आहे. मी केलं म्हणून तू केलंस हे मला कळतं, आणि कळूनही रात्री दोन वाजता जाग आली की हाच विचार येतो की आणखी काय असेल. जुलैच्या आधी काय होतं? आता काय आहे? फोनवर तू "बरी आहे" म्हणतेस आणि मी तुझ्या गळ्याकडे बघतो. मग स्वतःला म्हणतो, बघू नको, तिला कळतं. तुला कळतं ना?

एवढं सगळं असताना एक मात्र मनापासून सांगतो. एकटीने निर्णय घेतलास, सही केलीस, आणि तीन आठवड्यांत कामावर गेलीस. बाईंना मी हे सांगायला गेलो होतो. त्या आता नव्वदीच्या आहेत, दिसत नाही फारसं. त्या म्हणाल्या, "रविवारी दुपारी एकेक शब्द काढणारी मुलगी ती." मला तिथे रडू आलं.

२०१८ ला आम्ही आलो होतो तेव्हा तू आम्हाला वाफेच्या गाडीत बसवलंस, फोर्ट विल्यमहून. ग्लेनफिनानच्या पुलावर गाडी वळली तेव्हा मी एकवीस कमानी मोजल्या आणि तुझी आई म्हणाली, आपल्या आयर्विन पुलासारखाच आहे की. तू किती हसलीस. आणि तुझ्या घराजवळची ती लाल टपालपेटी. तिच्यावर राणीच्या नावाऐवजी स्कॉटलंडचा मुकुट का, ते तू मला सांगितलंस. आधी तिथे एलिझाबेथ दुसरी असं कोरलेली पेटी बसवली, लोक म्हणाले आमच्याकडे पहिली एलिझाबेथ झालीच नाही तर दुसरी कुठून, आणि १९५३ ला ती पेटी स्फोट करून उडवली. पेटीवरच्या एका आकड्यासाठी एवढं. मला ते लोक आवडले. त्या पेटीवर हात ठेवून मी फोटो काढला आहे, तो माझ्या खिशात असतो.

पत्र फार लांबलं. सोबत दहा पाकिटं आहेत. माझा पत्ता घालून ठेवलाय, पिनकोडसकट. तिकीट तुमच्याकडचं लागेल तेवढं तूच लाव, कमी पडलं तरी चालेल, बेरंग आलं तर मी पैसे भरून सोडवून घेईन. आत काही लिहायचं नाही. तब्येत, रिपोर्ट, डॉक्टर काय म्हणाले, काही नको. तसं काही असेल तर कागदावर आपला एक शब्द लिहायचा आणि त्या मुकुटाच्या पेटीत टाकायचं. मी फोन करून विचारणार नाही. ओरडणार नाही. तुझ्या आईलाही विचारू देणार नाही. मी फक्त तिकडच्या वेळेने जागा राहीन. पत्र यायला आठ-पंधरा दिवस लागतील, तेवढ्यात तू बरीही झालेली असशील, तरी टाक.

स्वयंपाकघरात फ्रिजवर तुझ्या वेळेचं घड्याळ आहे ते चालू आहे, सेल परवाच बदलला. २६ तारखेला तुमच्याकडची घड्याळं एक तास मागे जाणार, साडेचार तासांचं अंतर साडेपाच होणार. तुमची घड्याळं मागे होतील तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेसहा वाजलेले असतील. मी चहा टाकायच्या आधी ते खाली काढून मागे करून ठेवीन.

तुझा,
बाबा

ता. क. आई म्हणते, व्रणावर रोज रात्री खोबरेल तेल हलक्या हाताने लाव. आणि ओढणी आता काढ, तिला बघायचाय.